हेतू, हेत्वाभास आणि 'उगीच'

खुनाची बातमी मराठी वर्तमानपत्रात आली की शेवटाकडे एक वाक्य ठरलेले असते: खुनामागचा हेतू अद्याप समजू शकलेला नाही. आरोपी हाती लागलेला असतो, हत्यार जप्त झालेले असते, पंचनामा उरकलेला असतो. तरी हेतू सापडेपर्यंत प्रकरण अर्धवटच वाटते. १८७२च्या भारतीय पुरावा कायद्याने आठव्या कलमात हेतू, तयारी आणि गुन्ह्याच्या आधीचे-नंतरचे वर्तन यांना एका पंक्तीला बसवले, आणि कोर्टकचेरीत हा शब्द मुरला. पण पोलीस आणि वकील यांच्याइतकीच या शब्दाची गरज आणखी एका धंद्यात पडते. नाटकाच्या तालमीत ज्याच्या वाट्याला खलपुरुष येतो, तो नट पहिले वाचन संपले की हमखास विचारतो, "पण हा असं वागतो का?"

प्रश्न साधा दिसतो. मात्र 'हेतू' या शब्दाच्या पोटात अर्थाचे तीन थर आहेत. नट त्यांपैकी कोणता उचलतो यावर त्याचा खलनायक उभा राहतो किंवा आडवा होतो.

सगळ्यात खालचा थर धातूचा. संस्कृतात 'हि' म्हणजे ढकलणे, फेकणे, धाडणे. त्याला 'तु' प्रत्यय लागून 'हेतु' झाला; म्हणजे मुळात जे ढकलते ते. याच धातूपासून 'हेति' हा शब्द निघाला. त्याचा अर्थ अस्त्र, फेकून मारायचे हत्यार. पोलिसांच्या फायलीत हेतू आणि हत्यार शेजारी-शेजारी नोंदवले जातात, आणि संस्कृतातले हेतू आणि हत्यारवाचक 'हेति' शब्दकुळाने सख्खी भावंडे निघावीत, ही गंमत कोशाची पाने उलटल्याशिवाय कळत नाही.

दुसरा थर न्यायशास्त्राचा. तिथे हेतू म्हणजे कारण, आणि तेही अनुमानातले. पर्वतावर आग आहे, कशावरून, तर धूर दिसतो. हा धूर म्हणजे हेतू. प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन या पाच अवयवांत तो दुसऱ्या जागी बसतो. इथे माणसाच्या इच्छेचा काही संबंध नाही. धुराच्या मनात काही नसते.

तिसरा थर आपल्या रोजच्या मराठीचा. "त्यामागे तुमचा हेतू काय?" असे विचारताना आपण कारण विचारत नाही, मनसुबा विचारतो. सहेतुक, निर्हेतुक, हेतुपुरस्सर हे शब्द, हेतू बाळगणे, हेतू साधणे हे प्रयोग सगळे याच वळणाचे. संतवाङ्मयातला आणि लोकगीतांतला 'हेत' तर आणखी मऊ झाला. तो मनातली आवड, इच्छा यांच्याजवळ जाऊन बसला. मागून ढकलणारी गोष्ट शब्दाच्या प्रवासात पुढून ओढणारी झाली.

बोली मराठीने हा फरक दोन प्रश्नार्थक शब्दांत सहज वाटून टाकला आहे. 'का' आणि 'कशाला'. "का मारलंस?" याचे उत्तर मागे असते: त्याने शिवी दिली म्हणून. "कशाला मारलंस?" याचे उत्तर पुढे असायला हवे: काय मिळवायचे होते, काय साधायचे होते. बोलताना आपण या दोहोंची सरमिसळ करतो, आणि 'कशाला' हा प्रश्न बहुतेक वेळा प्रश्न राहतच नाही, नुसता उपालंभ होतो. तरी 'काय' या सर्वनामाची चतुर्थी अजून शाबूत आहे. तालमीत खलनायकाबद्दल बोलताना हे दोन प्रश्न वेगळे ठेवले, तर कितीतरी गुंता सुटतो.

सुटत नाही तो इयागोच्या बाबतीत. शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो'मधला हा निशाणबरदार जगभरच्या नटांना चारशे वर्षे छळतो आहे. मराठीशी त्याची ओळख जुनी. महादेव गोविंदशास्त्री कोल्हटकरांनी १८६७ साली या नाटकाचे भाषांतर केले. पुढे गोविंद बल्लाळ देवलांनी १८९० साली त्याचा 'झुंझारराव' करून ते रंगभूमीवर रुजवले. वि. वा. शिरवाडकरांनाही त्याचे भाषांतर करावेसे वाटले. प्रत्येकाला त्याच माणसाशी गाठ घालावी लागली, आणि त्या माणसाची अडचण अशी की तो हेतू सांगत नाही असे नाही. तो फार सांगतो.

'का'ची उत्तरे त्याच्याकडे ढीगभर आहेत. सेनापती ऑथेल्लोनंतरची जागा आपल्याला मिळायची ती पुस्तकी कॅसिओला दिली, हे पहिल्याच प्रवेशात. ऑथेल्लोने आपल्या बायकोशी, एमिलियाशी, संबंध ठेवल्याची कुजबुज आहे, हे थोड्या वेळाने. आणि ते खरे आहे की नाही ठाऊक नाही, पण खरेच धरून चालू, असेही लगेच. मग कॅसिओचाही त्याच बाबतीत संशय. मध्येच, ऑथेल्लोच्या बायकोवर, डेस्डिमोनावर, आपलेही मन आहे, असे एक वाक्य. एक कारण दिले असते तर नटाने ते पाठीवर घेऊन पाच अंक चालवले असते. चार दिली की एकही वजनदार राहत नाही.

'कशाला'ची गोष्ट त्याहून अवघड. समजा त्याला ती जागा हवी होती. तिसऱ्या अंकातल्या मोठ्या प्रवेशाच्या अखेरीस ऑथेल्लो त्याला ती देऊन टाकतो. सगळ्या खटाटोपाचे उद्दिष्ट नाटक जेमतेम निम्मे सरल्यावर पदरात पडते. इथे थांबायला हवे होते. तो थांबत नाही. उलट यानंतर तो अधिक घातकी होतो. म्हणजे 'कशाला'चे उत्तर संपले तरी कृती चालूच.

शेक्सपिअरला हे टाळता आले असते. सिंथिओ या इटालियन लेखकाच्या १५६५च्या संग्रहातल्या ज्या कथेवरून त्याने नाटक घेतले, तिथला निशाणबरदार सरळ आहे: त्याचे नायिकेवर प्रेम असते, ती दाद देत नाही, आणि प्रेमाचे वैर होते. कथेत त्याला नाव नव्हते. शेक्सपिअरने नाव दिले आणि कारण काढून घेतले. नावही कसे, तर इयागो हे जेम्सचे स्पॅनिश रूप. गोव्यातल्या तियागो, सांतियागो या नावांतही तेच आहे. स्पेनमध्ये संत इयागोचे एक बिरुद होते 'मातामोरोस', म्हणजे मूरांचा संहारक. आणि या नाटकाचा नायक मूर. आता हा हेतू म्हणायचा की योगायोग, हे ज्याने त्याने ठरवावे.

या घोटाळ्यावरचे सर्वात गाजलेले भाष्य इंग्रज कवी कोलरिजचे. इयागो हा हेतूशिवायचा दुष्टावा आहे आणि तो स्वतःसाठी हेतू शोधत फिरतो, अशा अर्थाचा शेरा त्याने आपल्या प्रतीत लिहून ठेवला. दोन शतके समीक्षक त्या शेऱ्याशी भांडत आले आहेत. आपल्याकडे मात्र या वस्तूला आधीपासून एक नेमका शब्द तयार होता: हेत्वाभास. जो हेतूसारखा दिसतो, हेतूच्या जागी बसतो, पण सिद्ध काहीच करत नाही, तो हेत्वाभास. नैयायिकांनी त्याचे पाच प्रकार पाडले. त्यांतल्या पहिल्याचे नाव 'सव्यभिचार'.

या शब्दापाशी थोडे थांबायला हवे. 'व्यभिचार' म्हणजे मुळात वाट सोडून भटकणे. जो हेतू साध्याच्या सोबतही दिसतो आणि साध्य नसेल तिथेही दिसतो, एका जागी राहत नाही, तो सव्यभिचार. रूढ मराठीत व्यभिचाराचा अर्थ एकाच प्रकारच्या भटकण्यापुरता आक्रसला. आता 'ऑथेल्लो'कडे पाहा. आरोप आहे व्यभिचाराचा. पुरावा आहे एक रुमाल, स्ट्रॉबेरीची नक्षी काढलेला. डेस्डिमोनाच्या हातून तो पडतो, एमिलिया उचलते, इयागो तिच्याकडून घेतो आणि कॅसिओच्या खोलीत टाकतो. रुमाल प्रियकराकडे असू शकतो. वाटेत सापडलेल्या माणसाकडेही असू शकतो. म्हणजे हा अगदी पाठ्यपुस्तकातला सव्यभिचार हेतू. व्यभिचाराचा खटला सव्यभिचार पुराव्यावर चालतो आणि फाशी निरपराध बाईला होते. शेक्सपिअरला न्यायशास्त्र ठाऊक असायचे कारण नव्हते. पण ही कोटी इंग्रजीत होऊच शकत नाही, ती फक्त आपल्या भाषेत शिजते.

दुसराही एक शब्द मराठी प्रयोगात असाच धार घेतो. मूळ नाटकात इयागोला सगळे जण उठता-बसता सचोटीचा म्हणतात. तो शब्द आणि त्याची रूपे नाटकात पन्नासाहून अधिक वेळा येतात. मराठीत त्यासाठी हाताशी येतो तो 'प्रामाणिक'. ज्याला प्रमाण आहे, जो प्रमाणाला धरून आहे, तो प्रामाणिक. ऑथेल्लो ओरडून मागतो काय, तर प्रत्यक्ष प्रमाण, डोळ्यांनी पाहता येईल असे. आणि ते पुरवण्याचे कंत्राट घेतो कोण, तर 'प्रामाणिक' इयागो. तो प्रत्यक्षाच्या जागी अनुमान देतो, अनुमानाच्या जागी ऐकीव शब्द देतो. आपण कॅसिओला झोपेत बरळताना ऐकले, हा त्याचा मोठा पुरावा.

अमेरिकन नट एडविन बूथ याने इयागोची गुरुकिल्ली नेमकी इथे शोधली. १८८१ साली लंडनच्या लायसियम थिएटरात तो आणि हेन्री आयर्विंग आलटून-पालटून ऑथेल्लो आणि इयागो करत होते. पुढे १८८६ साली छापलेल्या नाटकाच्या सटीप आवृत्तीसाठी त्याने नटांना उद्देशून सूचना लिहिल्या. सार असे, की इयागो करताना तू जो आहेस तो दिसू नकोस, इतर पात्रे तुला जो समजतात तो दिस. प्रेक्षकांपासूनही शक्य तितके लपून राहा. डोळे बारीक करणारा, मिशीला पीळ देणारा इयागो ज्या सेनापतीला ओळखू येत नाही, तो सेनापती मूर्खच ठरतो आणि शोकांतिकेचा फार्स होतो.

तालमीतला एकच क्षण जवळून पाहू. तिसऱ्या अंकात कॅसिओ डेस्डिमोनाची मनधरणी करून, ऑथेल्लोला येताना पाहून, शरमेने घाईघाईत निघून जातो. इयागो तोंडातल्या तोंडात पुटपुटतो, की हे काही आपल्याला बरे वाटले नाही. ऑथेल्लो विचारतो, काय म्हणालास? काही नाही, किंवा कोण जाणे, असे तो उत्तर देतो. बस. सगळा विनाश या चार-पाच शब्दांतून सुरू होतो. आता हे शब्द म्हणायचे कसे? नटाने 'कशाला'चे उत्तर धरले असेल, तर वाक्य ऑथेल्लोच्या कानापर्यंत जाईल इतके मोजून फेकले जाते. गळ टाकल्याचे दिसते. 'का'चे उत्तर धरले असेल, कॅसिओचा राग धरला असेल, तर शब्द दात चावून येतात. आणि तिसरा नट ते वाक्य खरेच स्वतःशी म्हणतो. त्याने काही ठरवलेले नसते. ऑथेल्लो वळून विचारतो तेव्हा तोही क्षणभर दचकतो, आणि त्या दचकण्यातून त्याला कळते की धागा हाती आला. त्या नटाकडे हेतूचा सगळ्यात खालचा, धातूचा अर्थ असतो: काहीतरी ढकलले गेले, आता ते फेकायचे.

निरनिराळ्या काळांतल्या नटांनी कोणता थर निवडला, हे पाहण्यासारखे आहे. १९३८ साली ओल्ड व्हिकमध्ये दिग्दर्शक टायरन गथ्री आणि लॉरेन्स ऑलिव्हिए फ्रॉइडचे शिष्य अर्नेस्ट जोन्स यांना भेटले आणि उत्तर घेऊन आले: इयागोचे नकळत ऑथेल्लोवरच प्रेम आहे. ऑथेल्लो करणाऱ्या राल्फ रिचर्डसनला असल्या गोष्टींत रस नव्हता. प्रयोग फारसा गाजला नाही, कारण ते दडलेले प्रेम दडलेलेच राहिले. 'अभिनय' शब्दात 'अभि' आणि 'नी' आहेत. अर्थ प्रेक्षकाकडे नेणे हे त्याचे काम. नटाला ठाऊक असलेला पण कुणाकडेच न नेलेला हेतू त्याच्या वहीत शोभतो.

१९८९ साली ट्रेव्हर नन यांनी छोट्या प्रेक्षागृहात केलेल्या प्रयोगात इअन मॅकेलन यांचा इयागो छावणीतला शिस्तीचा, टापटिपीचा, सगळ्यांच्या उपयोगी पडणारा शिपाईगडी होता. त्याच्यावर विसंबावे असे कुणालाही वाटावे, हाच त्याचा भयंकरपणा. २०१५ साली रॉयल शेक्सपिअर कंपनीने लुशियन मसामाती या कृष्णवर्णीय नटाला इयागो दिला. ऑथेल्लोही कृष्णवर्णीय, ह्यू क्वार्शी. वर्णद्वेष हे लोकांच्या डोक्यातले आयते 'का' एका फटक्यात बाजूला झाले आणि प्रेक्षकांना नवे शोधणे भाग पडले.

या नटांना मराठी येत असते तर शोध जरा सोपा झाला असता, असे कधी कधी वाटते. कारण दुसऱ्याचे बरे न पाहवण्याच्या छटा आपल्याकडे काटेकोर वेगळ्या आहेत. त्याच्याकडे आहे ते मलाही हवे, हा हेवा. त्याच्याकडे आहे हेच सोसत नाही, हा मत्सर. मनात जुने काही धरून ठेवले तर आकस. सापासारखे धरले तर डूख. आणि दुसऱ्याच्या गुणातच दोष काढायचा ती असूया. संस्कृत व्याकरणकारांनी तिची व्याख्याच तशी केली आहे. पाचव्या अंकात इयागो कॅसिओबद्दल म्हणतो, की त्याच्या जगण्यात रोजचे असे एक सौंदर्य आहे की त्यापुढे मी कुरूप ठरतो. ही जागा गेल्याची तक्रार नव्हे. ही असूया आहे, चोख आणि निर्भेळ. आणि सगळ्या कारणांत एवढे एकच कारण तो पुरावे न देता बोलून जातो.

आता खलाकडे वळू. 'खलनायक' हा शब्द आज इतका सर्रास आहे की तो भरतमुनींपासून चालत आला असावा असे वाटते. जुन्या नाट्यशास्त्राचा शब्द मात्र 'प्रतिनायक'. दहाव्या शतकात माळव्याच्या मुंज राजाच्या दरबारी असलेल्या धनंजयाने 'दशरूपका'त त्याची लक्षणे दिली: लोभी, उद्धत, हट्टी, पापी, व्यसनी आणि नायकाचा शत्रू. उदाहरणे रावण आणि दुर्योधन. 'प्रति'मध्ये नैतिक निवाडा कमी आणि जागेचे वर्णन जास्त आहे: जो समोर उभा आहे तो. 'खल' जोडला की निकाल आधीच लागतो आणि नटाला फक्त शिक्षा अमलात आणायची उरते.

'खल' या रूपाची मराठीत मोठी गर्दी आहे. मळणीचे खळे संस्कृत 'खला'चेच. औषधे घोटायचा खल, ज्याचा बत्त्याशी संसार आहे, तो निराळा. "त्या ठरावावर बराच खल झाला" असे म्हणतो तेव्हा आपण मुद्दे त्या भांड्यात घोटत असतो. आणि 'खलबत' तिसऱ्याच घरचे: अरबी 'खल्वत' म्हणजे एकांत. रायगडावर खलबतखाना दाखवतात तो यातला. खलबते करणारे ते खल, अशी व्युत्पत्ती लावायचा मोह होतो, तो आवरावा. इंग्रजी 'व्हिलन'ची कथाही शेताकडेच जाते. लॅटिन 'व्हिला' म्हणजे शेतीवाडी, तिथे राबणारा तो 'व्हिलेनस'. उमरावांच्या तोंडी गावंढळ, मग हलकट, मग बदमाश असा तो घसरत गेला. त्या माणसाचा गुन्हा एवढाच की शब्दांचे अर्थ ठरवणारे लोक दुसऱ्या वर्गातले होते. आपला 'बदमाश'ही तसाच. 'बद' आणि 'मआश', म्हणजे ज्याच्या पोटापाण्याचा मार्ग वाईट तो.

नटाच्या खऱ्या उपयोगाचा शब्द 'दुष्ट'. हे 'दुष्' धातूचे भूतकृदन्त आहे: बिघडलेला, नासलेला. दोष, दूषित, प्रदूषण हे त्याचे आप्त. वैद्यकात दुष्ट व्रण म्हणजे चिघळलेली जखम. 'खल' शब्दाला इतिहास नसतो, खल हा खलच. दुष्टाला असतो, जो बिघडला तो कधीतरी न बिघडलेला होता. ज्ञानेश्वरांनी पसायदानात मागितले ते यालाच धरून. खळ नाहीसे व्हावेत असे न मागता त्यांची 'व्यंकटी', म्हणजे वाकडेपणा, तेवढा जावा असे मागितले. माणूस आणि त्याचे वाकडेपण या दोन गोष्टी सुट्या करता येतात, हे त्या एका शब्दात गृहीत आहे. रशियन नाट्यगुरू स्तानिस्लावस्कीने, दुष्ट माणूस रंगवताना तो कुठे चांगला आहे ते शोध, असे सांगितले तेव्हा तो निराळे काही सांगत नव्हता.

खलाकडून दुष्टाकडे जाणारा हा प्रवास मराठी रंगभूमीने पाऊणशे वर्षांत उरकला. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत 'सीतास्वयंवर' केले आणि त्या धर्तीच्या नाटकांत 'राक्षसपार्टी' हा स्वतंत्र विभाग रुळला. राक्षस 'अलल डुर्र' अशी आरोळी ठोकत यायचे; पुढे त्या नाटकांनाच कुचेष्टेने 'अललडुर्र' म्हणू लागले. त्या राक्षसाला कुणी हेतू विचारत नसे. राक्षस होता, एवढे पुरे. फार खोलात गेलेच तर शाप निघे: जय-विजय हे विष्णूचे द्वारपाल शापामुळे हिरण्याक्ष-हिरण्यकशिपू, रावण-कुंभकर्ण आणि शिशुपाल-दंतवक्र झाले. हा मागून ढकलणाऱ्या हेतूचा कळस. ढकल थेट गेल्या जन्मातली. कोकणातल्या दशावतारात तर वेद चोरणारा शंखासुर 'संकासुर' होऊन काळ्या वेशात, मालवणीत लोकांना हसवू लागला.

१९०७ साली कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचा 'कीचकवध' आला तेव्हा हेतू नाटकाबाहेर होता. कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, सैरंध्री म्हणजे देश, युधिष्ठिर मवाळ आणि भीम जहाल, हे प्रेक्षकांना कुणी समजावून द्यावे लागले नाही. कीचकाच्या मनात काय आहे हे नटाने शोधायची गरज नव्हती. ते दर आठवड्याला 'केसरी'त छापून येत होते. सरकारलाही ते कळले आणि १९१० साली नाटकावर बंदी आली.

गडकऱ्यांच्या 'भावबंधना'तला घनश्याम मात्र खरा आधुनिक. नाटक गडकऱ्यांच्या मृत्यूनंतर रंगमंचावर आले. बळवंत संगीत मंडळीत चिंतामणराव कोल्हटकरांनी घनश्याम केला आणि समोर लतिका होती मास्टर दीनानाथांची. नावच पाहा. देवलांच्या 'शारदे'त म्हाताऱ्या नवऱ्याचे नाव भुजंगनाथ आणि लोभी बापाचे कांचनभट. हेतू नावातच गोंदवलेला. गडकऱ्यांनी खलपुरुषाला कृष्णाचे नाव दिले. घनश्यामाच्या सगळ्या कारवायांच्या मुळाशी लतिकेने केलेला अपमान आहे, आणि अपमान ही प्रत्येक प्रेक्षकाच्या खिशात असलेली वस्तू. 'का'चे उत्तर मिळाल्यामुळे घनश्याम लोकांना आवडला, आणि शेवटी त्याला उपरती होते तेव्हा ती खोटी वाटत नाही: जो अपमानाने बिघडला, त्याला सुधारायला वाव असतो. तो शब्दशः दुष्ट आहे, खल नाही.

हे सगळे ठाऊक असूनही विंगेत उभ्या असलेल्या नटाला ते पुरत नाही. स्तानिस्लावस्कीने पात्राच्या प्रत्येक क्षणाच्या गरजेला 'झदाचा' म्हटले होते. रशियन भाषेत त्याचा अर्थ काम, आणि शाळेतले गणितही. इंग्रजी भाषांतरात त्याचे 'उद्दिष्ट' झाले आणि अर्ध्या जगातले नट 'कशाला'च्या मागे लागले. मूळ शब्दात ध्येय दूरवर चमकत नाही. समोर एक गणित पडलेले आहे आणि ते आत्ता सोडवायचे आहे, एवढेच. ऑथेल्लो वळला, त्याने विचारले, काय म्हणालास. आता काय बोलू? पुढच्या क्षणी एमिलियाच्या हातात रुमाल. आता काय करू? असे करत इयागो पाच अंक पार करतो. आपली 'भूमिका' हा शब्दही हेच सुचवतो. त्यात भूमी आहे, पायाखालची जागा. भूमिका घेणे म्हणजे एका जागी उभे राहून तिथून जग पाहणे. सरकारची असो, नाहीतर खलनायकाची.

म्हणून हेतूच्या तीन थरांपैकी नटाला सर्वात खालचा उपयोगी पडतो. कारण समीक्षकाला लागते, उद्दिष्ट वकिलाला; नटाला लागते ती ढकल. स्वगतात इयागो जी कारणे सांगतो ती हेत्वाभास असतील, पण माणूस हेत्वाभासांवरच जगतो. ती नटाने सोडवायची नाहीत, सांगताना खरी मानायची. पुढच्या प्रवेशात नवे कारण आले की तेही तितकेच खरे मानायचे. स्वतःला पटवत राहण्याची ही घाईच प्रेक्षकाला दिसते, आणि तिच्यातून तो जे ओळखायचे ते ओळखतो.

राहता राहिले शेवटचे पान. सगळे उघडकीला येते, ऑथेल्लो विचारतो की याने माझ्या देहामनाला असे का जखडले, आणि इयागो सांगतो की यापुढे मी एक शब्द बोलणार नाही. आपल्या भाषेत निष्कारण केलेल्या गोष्टीला 'उगीच' म्हणतात. हा शब्द 'उगा'पासून आला, आणि उगा म्हणजे गप्प. उगा राहा, असे जुन्या मराठीत सर्रास म्हणत. इयागो उगा राहतो. त्याने ते उगीच केले का, हा प्रश्न त्या गप्प बसण्याने बंद होत नाही, उलट पुढच्या नटाकडे जातो. तो नट कोणतेही उत्तर घेऊन येवो. तोंड मिटताना त्याच्याजवळ उत्तर आहे आणि तो ते देत नाही आहे, की त्याच्याजवळ ते मुळात नाहीच आणि हे त्याला आत्ता कळले आहे, एवढे मात्र त्याने पहिल्या तालमीआधी ठरवलेले असावे. पाच अंकांतली त्याची एकूण एक वाक्ये त्यावरून बदलतात.